परक्या बोटीवरचा चक्रधर

देशाटनानें माणसाच्या अंगीं चातुर्य येतें, असें जुनें सुभाषित सांगतें आणि शाळेंतून शिकलेल्या प्रत्येकाला तें पाठ असतें. परंतु कादंबरीकाराला देशाटनाचा जो उपयोग असतो, तो याहून निराळा आहे. आपला नायक परदेशांत काय शिकतो, याची त्याला फारशी फिकीर नसते. परदेशीं गेल्यावर नायकाच्या मनांतून काय बाहेर पडतें, हें त्याला पाहावयाचें असतें. घरीं असतांना माणसाभोंवतीं आईबाप, आळी, जात, नोकरी आणि गांवची जीभ यांचें कुंपण असतें. त्या कुंपणाच्या आंत तो सरळ चालतो, तो स्वभावानें कीं धाकानें, हें ओळखणें कठीण. कुंपण दूर झालें म्हणजे मग त्याचीं पावलें कोणीकडे वळतात, तें दिसूं लागतें.

सातारकरांना या गोष्टीचा एक दाखला इतिहासांतून ठाऊक आहे. १८३९ सालीं कंपनी सरकारनें छत्रपति प्रतापसिंहमहाराजांना पदच्युत केलें, आणि त्यांची बाजू मांडण्याकरितां रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले. भाषा परकी, हवा परकी, दाद लागण्याची आशा अगदीं थोडी. १८४७ सालीं महाराज काशीस निवर्तले. १८४८ सालीं सातारचें राज्यच खालसा झालें. तरी हा वकील १८५३ पर्यंत लंडन सोडीना. ज्याच्यासाठीं वकिली करावयाची तो धनी राहिला नाहीं, ज्या गादीसाठीं भांडावयाचें ती गादीहि राहिली नाहीं, आणि वकील मात्र जागेवर उभा! रंगो बापूजी मूळचे किती चिवट होते, तें त्या चौदा वर्षांनीं जगाला दाखविलें. साताऱ्यांतच राहते तर इतकें दिसतें ना.

पण रंगो बापूजी निघाले ते एक निश्चित काम गांठीला बांधून. ज्या तरुणाच्या गांठीला असें कांहींच नाहीं, उलट मनाला एक जखम मात्र आहे, तो परक्या लोकांत पडला तर काय होईल? मराठींत या प्रश्नाचें फार प्रामाणिक उत्तर एका लहानशा कादंबरीनें दिलें आहे. ती विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’. ही १९३९ सालीं, म्हणजे दुसरें महायुद्ध ज्या सालीं पेटलें त्याच सालीं, प्रसिद्ध झाली.

या कादंबरीचा एक धागा सांगलीपर्यंत येऊन पोंचतो. बेडेकरांचा जन्म १९०६ सालीं अमरावतीस झाला. पण त्यांची उमेदवारी झाली ती नाटकमंडळींत. मास्टर दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनीं १९१८ सालीं काढलेल्या बलवंत संगीत मंडळीनें बेडेकरांचें ‘ब्रह्मकुमारी’ हें नाटक १९३३ सालीं रंगभूमीवर आणलें. पुढें बोलपटांचें युग आलें, तेव्हां याच मंडळीनें सांगलीस बलवंत पिक्चर्स ही संस्था उभारली आणि १९३४ सालीं ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा बोलपट काढला. त्या कामांत बेडेकरांचा हात होता. नंतर चित्रपटाचें तंत्र शिकण्याकरितां ते विलायतेस गेले, आणि महायुद्धाच्या तोंडावर बोटीनें परतले. त्या परतीच्या प्रवासाच्या अनुभवांतून ‘रणांगण’ निपजली.

चित्रपटाच्या या उमेदवारीचा कादंबरीशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध आहे. रंगभूमीवर बोलणाऱ्याकडे सर्वांचे डोळे लागलेले असतात. बोलपटांत मात्र दिग्दर्शक पुष्कळदां बोलणाऱ्याला सोडून ऐकणाऱ्याचा चेहरा पडद्यावर आणतो. एकानें वाक्य बोलावें आणि त्या वाक्याचा अर्थ दुसऱ्याच्या भुंवयांवर उमटावा, अशी ती रीत आहे. ‘रणांगण’मध्यें हीच रीत शब्दांत उतरली आहे. गोष्ट चक्रधर विध्वंस हा तरुण स्वतःच सांगतो. स्वतःची गोष्ट स्वतः सांगणारा माणूस आपल्याविषयीं बोलतांना हातचें राखून बोलतो, हा जगाचा अनुभव आहे. तेव्हां चक्रधर स्वतःला काय म्हणवितो, यापेक्षां दुसऱ्याचें बोलणें ऐकतांना त्याचें मन कसें हलतें, इकडे वाचकानें लक्ष द्यावें. खरा चक्रधर तेथें सांपडतो.

प्रथम त्या बोटीवर कोण होतें, तें समजून घेतलें पाहिजे. जर्मनींत हिटलरचा अंमल सुरू झाल्यावर तेथील ज्यू लोकांचे हक्क एकामागून एक काढून घेण्यांत आले. १९३८ च्या जुलै महिन्यांत फ्रान्समधील एव्हियां येथें ३२ देशांचे प्रतिनिधि या निर्वासितांचा विचार करावयास जमले, आणि बहुतेकांनीं सहानुभूति दाखवून आपलीं दारें बंदच ठेवलीं. ऑक्टोबरपासून जर्मन ज्यूंच्या पासपोर्टांवर ‘जे’ या अक्षराचा तांबडा शिक्का बसूं लागला. ९ नोव्हेंबरच्या रात्रीं त्यांचीं प्रार्थनामंदिरें जाळण्यांत आलीं, दुकानें फोडण्यांत आलीं आणि सुमारें ३०,००० पुरुषांना छावण्यांत डांबण्यांत आलें. देश सोडावा तर रोख अवघे १० मार्क बरोबर नेण्याची मुभा! अशा वेळीं जगांत एकच मोठें बंदर असें उरलें होतें, कीं जेथें उतरावयास परवाना लागत नसे. तें म्हणजे चीनमधील शांघाय. १५,००० हून अधिक ज्यू त्या शहराच्या आश्रयास गेले. युरोपांतून निघालेल्या बोटी सुएझच्या कालव्यांतून मुंबईस लागत आणि तशाच पूर्वेकडे जात. अशा बोटींत एकाच वेळीं दोन तऱ्हांचे उतारू असत. कांहीं आपल्या घरीं परत चाललेले, आणि कांहीं घर कायमचें सुटलेले. चक्रधर पहिल्या तऱ्हेचा. हॅर्टा ही जर्मन ज्यू तरुणी दुसऱ्या तऱ्हेची.

आतां चक्रधराची पहिली प्रतिक्रिया पाहावी. हा तरुण स्वदेश सोडतांना मनांत एक कडू आठवण घेऊन निघाला होता. उमा नांवाच्या मुलीवर त्याचें प्रेम होतें आणि तें विफल झालें. त्या एका घावावरून त्यानें साऱ्या स्त्रीजातीविषयीं आपलें मत ठरवून टाकलें. परदेशांतील मोकळ्या वातावरणांत त्या मताला चांगलेंच खतपाणी मिळालें. वरवर पाहणारा म्हणेल, कीं तरुण बेफिकीर आहे, थोडा उच्छृंखलहि आहे. पण खऱ्या बेफिकीर माणसाला आपला बेफिकीरपणा पुनःपुनः सिद्ध करावा लागत नाहीं. ज्याला कुपथ्यानें मुळींच बाधत नाहीं, तो ‘मला बाधत नाहीं’ असें दहा जणांना सांगत सुटत नाहीं. तो गुपचूप जेवतो. चक्रधराचा उपहास हा जखमेवर बांधलेल्या पट्टीसारखा आहे. पट्टी जितकी जाड, तितकी जखम ओली. हें त्याच्या घरच्या माणसांना कदाचित् कधींच कळलें नसतें, कारण घरीं त्याची पट्टी सोडणारें कोणी नव्हतें.

दुसरी प्रतिक्रिया हॅर्टाच्या दुःखाविषयींची. येथें लेखकानें घाई केलेली नाहीं. परक्याचें दुःख समोर आलें म्हणजे सामान्य माणसाच्या मनांत प्रथम कुतूहल जागें होतें. ‘खरेंच असें झालें का? मग पुढें काय झालें?’ हे प्रश्न सहानुभूतीचे नव्हत. ते बातमी ऐकण्याच्या हौसेचे असतात. चक्रधरहि तेथूनच सुरुवात करतो. पण हळूहळू त्या कुतूहलाची धार जाते आणि त्या जागीं ओळख येते. ही ओळख कोठून आली? तो स्वतः एका परतंत्र देशाचा प्रजाजन होता. त्याच्या खिशांतला पासपोर्ट ब्रिटिश साम्राज्याचा होता, आणि त्या साम्राज्यांत त्याची पायरी कोणती, हें विलायतेस राहिलेल्या हिंदी तरुणाला निराळें सांगावें लागत नसे. जातीवरून, वंशावरून माणसाची किंमत ठरणें म्हणजे काय, हें त्याला पुस्तकांतून शिकावयाचें नव्हतें. त्याच्या मनांत कणव होतीच. परक्या मुलीच्या बोलण्यानें ती जागी झाली.

स्वभावाचें माप घेण्यासाठीं लेखकानें आणखी एक युक्ति योजिली आहे. त्याच बोटीवर शिंदे, मन्नान असे दुसरेहि हिंदी प्रवासी आहेत. समुद्र तोच, जेवणघर तेंच, निर्वासितांचे उतरलेले चेहरे तेच. एकाच देखाव्यासमोर चार माणसें उभीं केलीं म्हणजे देखाव्याचें वर्णन करण्याची गरज उरत नाहीं. माणसांचें वर्णन आपोआप होतें. शाळेंत एकच निबंध चाळीस मुलांना घातला म्हणजे विषयापेक्षां मुलेंच जास्त कळतात, तसा हा प्रकार आहे. चक्रधर इतरांहून फार थोर आहे, असें लेखक कोठेंहि म्हणत नाहीं. तो इतरांहून जास्त हलतो, एवढेंच दिसतें. आणि जो जास्त हलतो तो जास्त खोल असतो कीं केवळ जास्त दुबळा, हा प्रश्न लेखक पुढच्या किनाऱ्यासाठीं राखून ठेवतो.

या ठिकाणीं एका लहानशा गोष्टीकडे लक्ष वेधणें जरूर आहे. हॅर्टा चक्रधराला त्याच्या नांवानें हांक मारीत नाहीं. ती त्याला ‘बॉब’ म्हणते. वाचणाऱ्याला हा प्रेमाचा साधा लाडिकपणा वाटेल. पण नांवाचा विचार केला तर त्यांत कादंबरीचें मर्म आहे. चक्रधर हें नांव कृष्णाचें, घरच्या वडीलमाणसांनीं ठेवलेलें. विध्वंस हें आडनांव कुळाचें. या दोन शब्दांबरोबर घर, कुळ, गांव, लोक, उमा आणि तिची आठवण, सगळें ओढलें जातें. ‘बॉब’ला यांपैकीं कांहींच नाहीं. बॉबला आईबाप नाहींत, जात नाहीं, मागचें दुःख नाहीं. तो एका बंदरांत जन्मला आणि दुसऱ्या बंदरांत संपणार. त्यामुळें बॉबला प्रेम करतां येतें. चक्रधर ज्या स्त्रीजातीला नांवें ठेवीत होता, तिच्यांतल्याच एकीपाशीं बॉब मन मोकळें करतो. परदेशांत माणसाचा खरा स्वभाव उघडा पडतो, असें जें म्हणतात, तें येथपर्यंत खरें ठरतें. पण बॉब हाच खरा चक्रधर कीं प्रवासापुरता भाड्यानें घेतलेला पोशाख, याचा निकाल खुल्या समुद्रावर लागत नाहीं.

तो निकाल मुंबईच्या धक्क्याला लागतो. चक्रधर उतरतो, हॅर्टाला उतरतां येत नाहीं. बोट तिला घेऊन पूर्वेकडे जाते. मागाहून तिचीं पत्रें येतात, आणि शेवटीं तिनें समुद्रांत जीव दिल्याची वार्ता येते.

येथें वाचकांत नेहमीं दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, कीं त्या तरुणाच्या हातीं काय होतें? कायदा परक्या सरकारचा, बंदर परक्या सरकारचें, मुलीच्या पासपोर्टावर तो शिक्का. त्यानें काय तिला खांद्यावर घेऊन पळावयाचें होतें? दुसरा पक्ष म्हणतो, कीं दार बंद होतें हें खरें. पण बंद दारावर धक्का मारून पाहणें निराळें आणि बंद आहे म्हणून हळूच सुस्कारा सोडणें निराळें.

या वादाचा विचार करतांना त्या काळच्या कांहीं हकीकती ध्यानांत घेणें योग्य होईल. मुंबईचें दार ज्यूंना अगदींच बंद नव्हतें. येथें कोणी हमी घेतली, कामधंदा दिला, तर कांहींजणांना राहतां येत असे. वॉल्टर कॉफमन हा ज्यू संगीतकार १९३४ सालीं युरोप सोडून मुंबईस आला. त्यानें मुंबई नभोवाणीवर पाश्चात्य संगीताचें काम पाहिलें. आकाशवाणीच्या सभेच्या आरंभीं वाजणारी जी धून पिढ्यान्‌पिढ्या घरोघर ऐकली गेली, ती याच निर्वासिताची रचना म्हणून ओळखली जाते. साताऱ्याजवळच्या औंध संस्थानांत मॉरिस फ्रिडमन हा पोलंडमधला ज्यू इंजिनियर त्याच सुमारास संस्थानिकांना आणि प्रजेला सल्ला देत होता. १९३९ सालीं औंधच्या प्रजेला स्वराज्याची जी घटना मिळाली, तिच्या आंखणींत त्याचा भाग होता. आणि १९४३ पासून १९४८ पर्यंत, सांगलीहून फार लांब नसलेल्या कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथें सुमारें ५,००० पोलिश निर्वासित, त्यांत बरींचशीं बायकामुलें, शाळा आणि देऊळ उभारून राहिलीं. यांतील प्रत्येक प्रसंग निराळा आहे. कोठें नोकरी होती, कोठें विद्वत्ता होती, कोठें युद्धकाळांतली सरकारी व्यवस्था होती. हॅर्टापाशीं यांपैकीं कांहींच नव्हतें. पण परका मनुष्य या मातींत रुजूंच शकत नव्हता, असें मात्र म्हणतां येत नाहीं.

म्हणून चक्रधराच्या दोषाचें माप फार काळजीपूर्वक घेतलें पाहिजे. त्याला निर्दय म्हणतां येणार नाहीं. निर्दय माणूस अशा आठवणीनें पोळून निघत नाहीं. त्याला लबाडहि म्हणतां येणार नाहीं. बोटीवरचें त्याचें प्रेम खोटें नव्हतें. उणीव आहे ती याहून साधी, आणि म्हणूनच जास्त बोंचणारी. त्याच्या मनांत दया लवकर जागी होते. त्या दयेसाठीं आपलें पुढचें आयुष्य मोडून पुनः बांधण्याची ताकद मात्र तितक्या लवकर जागी होत नाहीं. भर समुद्रावर दयेला खर्च नसतो. तेथें शेजारी नाहींत, नातेवाईक नाहींत, उद्यांची चिंता नाहीं. किनारा दिसूं लागला कीं हिशेब सुरू होतो. बॉब विरघळूं लागतो आणि चक्रधर विध्वंस पुनः आकार घेऊं लागतो. परदेशच्या वाऱ्यानें उमललेलें मन मायदेशाची जमीन पायाला लागतांच आक्रसावें, यासारखें दुःख नाहीं. आणि तें दुःख बेडेकरांनीं रागाचा एकहि शब्द न वापरतां दाखविलें आहे.

कादंबरीचें नांव ‘रणांगण’ कां, याचाहि उलगडा येथें होतो. बोटीवर एकहि गोळी सुटत नाहीं. लढाई युरोपांत पेटावयाची आहे. परंतु ज्या माणसांचीं घरें त्या लढाईच्या आधींच उद्ध्वस्त झालीं, तीं त्याच पाण्यावर तरंगत आहेत, आणि त्यांच्याजवळ उभ्या असलेल्या एका मराठी तरुणाच्या छातींत दोन बाजू समोरासमोर आल्या आहेत. महाभारतांतला चक्रधर रणांगणावर दुसऱ्याचा मोह दूर करतो. या चक्रधराला त्याचा मोह दूर करणारा कोणी सारथी भेटत नाहीं.

प्रवासांत पडलेलें कोणतेंहि पात्र वाचतांना तीन गोष्टी विचाराव्या, म्हणजे त्याच्या स्वभावाचा ठाव लागतो. पहिली, परकें कांहीं दिसतांच त्याच्या तोंडून प्रथम काय निघालें, आणि चार दिवसांनीं त्याच गोष्टीविषयीं तो काय म्हणूं लागला? पहिला उद्गार घरून आणलेला असतो. दुसरा त्याचा स्वतःचा असतो. दुसरी, त्याच्याकडे कोण पाहत होतें? ओळखीचे डोळे नसतांना केलेली भलाई आणि ओळखीच्या डोळ्यांसाठीं केलेली भलाई यांची किंमत एक नाहीं. आणि तिसरी, त्या प्रतिक्रियेसाठीं त्याला काय द्यावें लागलें? ज्या कळवळ्यासाठीं कांहींच द्यावें लागलें नाहीं, तो कळवळा खरा असला तरी त्याचें वजन अजून झालेलें नाहीं. रंगो बापूजींनीं चौदा वर्षें दिलीं. चक्रधराला द्यावयाची वेळ आली तेव्हां बोट धक्क्याला लागली होती.

आज सातारा-सांगलीकडच्या अनेक घरांतील मुलें शिक्षणासाठीं परदेशीं जातात, त्यांत हॅर्टाच्या जर्मनीसहि जातात. घरचीं माणसें दूरध्वनीवरून विचारतात, कीं थंडी किती आहे, जेवणाची सोय कशी आहे, काय काय पाहिलें. हे प्रश्न प्रेमाचे आहेत आणि ते विचारलेच पाहिजेत. पण त्यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न असावा. शेजारच्या खोलींत कोण राहतें, तें कोणत्या देशांतून आलें आहे, त्याला घर आहे का, आणि त्याला कधीं कांहीं लागलें तर तूं काय केलेंस? या प्रश्नाला मुलगा किंवा मुलगी काय उत्तर देते, यापेक्षां उत्तर देण्यापूर्वीं किती वेळ थांबते, इकडे वडीलमाणसांनीं कान द्यावा. त्या थांबण्यांत पुष्कळ कांहीं ऐकूं येतें.

‘रणांगण’ हें पुस्तक फार मोठें नाहीं. दोन संध्याकाळीं वाचून होईल. घरांतील तरुण माणसांनीं तें परदेशीं जाण्यापूर्वीं एकदां वाचावें, आणि परत आल्यावर पुनः एकदां वाचावें. पहिल्या वाचनांत हॅर्टाची कीव येईल. दुसऱ्या वाचनांत चक्रधराकडे पाहतांना आपलीच कोठें कोठें ओळख पटेल, आणि मग धक्क्यावर उतरणाऱ्या त्या तरुणाला नुसता दोष देणें पूर्वींइतकें सोपें वाटणार नाहीं.